सलग २८ दिवस
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



सकाळपासून सगळे विचारताहेत, "तू लंडनला गेलास कसा?" सोडतीत नाव लागलं म्हणून! ब्रिटनची भारतीय तरुणांसाठी 'यंग प्रोफेशनल्स स्कीम' आहे. वय १८ ते ३० आणि पदवी हवी. दोन वर्षं राहून नोकरी करता येते. सोडतीला पैसे पडत नाहीत. खरी मेख पुढे आहे. खात्यात २,५३० पौंडांइतकी रक्कम सलग २८ दिवस असावी लागते. एक दिवस जरी कमी झाली, तरी मोजणी पहिल्यापासून.

माझा एकोणिसावा दिवस होता आणि वडिलांना दवाखान्यात दाखल केलं. अर्जासाठी मिळालेल्या ९० दिवसांतले बरेचसे कागदपत्रं जमवण्यातच गेलेले. पैसे काढायला निघालो, तर आपल्याच वर्गातला एक जण म्हणाला, "त्या खात्याला हात लावू नकोस." दवाखान्याचं बिल त्यानं भरलं. वडील आता ठणठणीत आहेत. त्याचे पैसे मी तिथल्या पहिल्या चार पगारांतून फेडले. व्याजाचं विचारलं तर शिव्या खाल्ल्या.

नाव सांगायचं नाही, अशी त्याची ताकीद आहे. पण सर, गणिताच्या तासाला तुम्ही ज्याला सर्वांत जास्त वेळा वर्गाबाहेर उभं केलंत, तोच तो.