चाकांवरचें घर आणि कोंकणचा किनारा

साकीनाक्यावर राहणाऱ्या माणसाला रस्ता म्हणजे काय हें निराळें सांगावें लागत नाहीं. अंधेरी-कुर्ला रस्ता आणि साकी विहार रस्ता जेथें एकमेकांस भेटतात, तेथें रिक्षा, टेंपो आणि पादचारी यांची जी दाटी उसळते, ती पाहून वाहन हें जाण्याचें नव्हे, एके जागीं थांबण्याचें साधन आहे असें वाटूं लागतें. २०१४ सालापासून डोक्यावरून मेट्रो धांवूं लागली. खालचे भोंगे कांहीं थांबले नाहींत. त्या नाक्यावरच्या एखाद्या लहानशा कारखान्यांत उमेद खर्ची घातलेला गृहस्थ आणि मुलांचीं शिक्षणें आटोपून मोकळी झालेली त्याची पत्नी, असें एक दांपत्य श्रोत्यांनीं कल्पावें. निजण्याची, स्वयंपाकाची आणि पाण्याची सोय असलेली गाडी त्यांनीं भाड्यानें घेतली आहे, आणि कोंकणचा किनारा धरून तीं दोघें दक्षिणेस निघालीं आहेत.

चाकांवरचा संसार आपल्याकडे अगदींच नवा नव्हे. गाड्यावर बिऱ्हाड लादून गांवोगांव फिरणारे घिसाडी तो पिढ्यान्‌पिढ्या करीत आले. पूर्वीं जें पोटासाठीं होत असे, तें आतां हौसेनें होऊं लागलें, एवढेंच नवें. महाराष्ट्र शासनानेंही २०२१ सालीं अशा गाड्यांच्या पर्यटनासाठीं धोरण ठरविलें.

प्रवासाचा आरंभ भाऊच्या धक्क्यावर होतो. २०२० सालापासून तेथून मांडव्यास जाणारी बोट मोटरी पोटांत घेऊन सुमारें तासाभरांत पलीकडे पोंचविते. याच धक्क्यावरून १७ जुलै १९४७ रोजीं ‘रामदास’ बोट रेवसकडे निघाली आणि वाटेंतच उलटली. सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. मोटरींत बसून समुद्र ओलांडणाऱ्या नातवंडांना हें सहसा ठाऊक नसतें. आजोळीं मात्र ती आठवण पुष्कळ दिवस जिवंत होती.

रेवसपासून रेडीपर्यंत किनाऱ्यानें रस्ता न्यावा, ही कल्पना बॅरिस्टर अंतुले यांची. अंतर सुमारें ५०० किलोमीटर. पण नकाशावर जी एक रेघ दिसते, ती खाड्यांनीं ठिकठिकाणीं तोडलेली आहे. राजापुरीच्या खाडीवर आगरदांड्याहून दिघीस, सावित्रीच्या मुखाशीं बागमांडल्याहून वेसवीस, वाशिष्ठीवर दाभोळहून धोपाव्यास, शास्त्रीवर तवसाळहून जयगडास गाडी फेरीबोटींत घालावी लागते. ओहोटीच्या वेळीं धक्क्याचा उतार उघडा पडतो, बोटीची फळी खालीं जाते, आणि लांब गाडीची पिछाडी जमिनीला घासण्याचें भय असतें. घाई असलेला मनुष्य येथें चरफडतो. वस्तुतः ज्याला घाई आहे, त्यानें महामार्गानेंच जावें. बोटीची वाट पाहतांना मासळीच्या टोपल्या, शाळेचीं पोरें, लग्नाचें वऱ्हाड, सगळें एकाच फळीवर येतें. हा सहवास काचा लावलेल्या गाडींत बसून मिळत नाहीं.

सावित्री ओलांडल्यावर बाणकोटपलीकडे वेळास लागतें. नाना फडणीसांचें हें गांव आतां कासवांसाठीं ओळखलें जातें. चिपळूणच्या सह्याद्रि निसर्ग मित्र या संस्थेनें २००२ सालापासून ग्रामस्थांच्या साहाय्यानें येथें कासवांचीं अंडीं राखण्याचें काम चालविलें. पूर्वीं तीं अंडीं माणसें व कोल्हे यांच्या तोंडीं जात. पिलूं वाळूंतून बाहेर आलें कीं उजेडाच्या रोखानें चालूं लागतें. रात्रीं मोकळ्या समुद्रावरचें क्षितिज उजळ असतें, म्हणून तें पाण्याकडे जातें. किनाऱ्यावर मोटरीचा दिवा लागलेला असला तर तें दिव्याकडे वळतें.

गृहस्थाच्या मनांत नेमकी पुळणीवरच गाडी उतरवून सूर्यास्त पाहावयाचा आहे. “अहो, आधीं आजची तिथि कोणती तें बघा,” असें पत्नी म्हणते, आणि तिचें म्हणणें बरोबर आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते. अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे मंद. भरती रोज सुमारें पन्नास मिनिटें उशिरा येते, म्हणून कालचें घड्याळ आज चालत नाहीं. ओली वाळू पायाखालीं फरशीसारखी टणक वाटते, पण जड गाडी थांबली कीं चाकें रुततात, आणि इंजिन जितकें जोरानें फिरवावें तितकीं खोल जातात. मग पाणी चढत असतां गांवांतून ट्रॅक्टर मागवावा लागतो. अशा मोटरी आजवर कितीतरी बुडाल्या आहेत. सूर्यास्त तर सुरूच्या बनाशेजारून, पायीं चालत जाऊनही दिसतो.

खरा पेंच पाण्याचा आहे. गाडीची टांकी भरावी कोठें? वैशाखांत कोंकणांतल्या विहिरी तळाला जातात. चार हंड्यांसाठीं बायका उन्हांत चालतात, तेथें नळी लावून टांकी भरून घेणें शोभत नाहीं. आणि वापरलेलें घाण पाणी? रात्रीच्या अंधारांत रस्त्याकडेला झडप उघडून मोकळें होणारे महाभाग असतात. त्यांना सभ्य म्हणतां येत नाहीं. त्यापेक्षां एखाद्या घरगुती निवासाच्या अंगणांत पैसे देऊन उतरावें, तेथील शौचकूप वापरावा, जेवण तेथेंच सांगावें. किनाऱ्यावरच्या कित्येक घरांचा संसार आतां पाहुण्यांवर चालतो. मुंबईहून डाळ-तांदूळ नेऊन स्वतःच्याच चुलीवर शिजविणारी गाडी गांवाला धुरळ्यापलीकडे काय देते? पत्नीनें म्हणून हर्णैच्या बंदरावर संध्याकाळच्या लिलांवांत सुरमई घेतली. भाव करतांना तिचा आवाज चढला, आणि गृहस्थ तिच्याकडे पाहतच राहिला. साकीनाक्याच्या दोन खोल्यांत तो आवाज त्यानें फारसा ऐकला नव्हता.

दाभोळची खाडी ओलांडून तीं दोघें गुहागरास पत्नीच्या मावशीकडे पोंचलीं. मावशीनें गाडी आंतून पाहिली, गादी दाबून पाहिली, पाण्याचा नळही सोडून पाहिला. मग ती म्हणाली, “सगळें छान आहे गो. पण घर असतां जांवई अंगणांत मोटरींत निजला, तर गांव मला काय म्हणेल?” गृहस्थानें कांहीं बोलून पाहिलें, मावशीनें ऐकलें नाहीं. रात्रीं अंथरुणें ओटीवर पडलीं. भाड्यानें घेतलेली गाडी आगराच्या कडेला पोफळींखालीं उभी राहिली, आणि सकाळीं कोंबड्या तिच्या सावलींत जाऊन बसल्या.