चोरी झाली तर आधी काही पुसू नका
(रौप्यमहोत्सवी सोहळ्यातील भाषण)



२५ वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो, तेव्हा चोर म्हणजे भिंतीवरून उडी मारणारा. म्हणून गेटवर चौकीदार ठेवला. आता चोर फोनमधून येतो, चौकीदाराला दिसतही नाही.

गेल्या लग्नसराईत आमच्याच घरी हे झालं. ओळखीच्या नंबरवरून लग्नपत्रिका आली. ती होती एपीके फाइल. आमच्या ह्यांनी ती उघडली आणि थोड्याच वेळात खात्यातून पैसे गेले. घाबरून मुलानं फोन फॉरमॅट केला. तक्रार द्यायला गेलो तर पहिला प्रश्न, "ती फाइल कुठं आहे?" ती तर आम्हीच पुसली होती!

मोठ्या बँकाही यातून सुटल्या नाहीत. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, शिरवून सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले. बनावट कार्डांना परस्पर मंजुरी मिळत गेली आणि २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. आपल्या कोल्हापुरातूनही निघाले. तपासात संगणकातल्या नोंदींइतकेच एटीएमवरचे कॅमेरे कामी आले. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं ११ जणांना दोषी ठरवलं. पुरावा जपला गेला, म्हणूनच ना?

तपास करणारे मूळ फोनवर किंवा संगणकावर शक्यतो काम करत नाहीत. त्याची हुबेहूब प्रत काढतात आणि तिचा 'हॅश' नावाचा आकडा काढून ठेवतात. आत एक अक्षर जरी बदललं तरी हा आकडा बदलतो. म्हणजे प्रतीचा अंगठाच समजा. न्यायालयात त्याला महत्त्व आहे.

घरफोडी झाली की पंचनामा होईपर्यंत आपण कपाटाला हात लावत नाही. फोनचंही तसंच. लगेच इंटरनेट बंद करा. दुसऱ्या फोनवरून १९३० आणि बँकेला कळवा. आलेल्या मेसेजचे, नंबरचे फोटो दुसऱ्या फोननं काढा. फॉरमॅट करू नका, काही पुसू नका. आणि लाजू नका. लाजेपायी आम्ही एक दिवस घालवला, तो चोराच्या कामी आला.

कार्यकारिणीला एक विनंती. आपल्या कॅमेऱ्यांचं जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं. घड्याळाची वेळ बरोबर ठेवा आणि काही घडलं तर त्याच दिवशी प्रत काढून घ्या.

२५ वर्षं आपण एकमेकांची दारं राखली. आता एकमेकांचे फोनही राखूया.