वडातून उजेड नको



 मला आज एकाच विषयावर बोलायचं आहे, म्हणून लगेच त्याकडे वळतो. मुलांचं एखादं जुनं, आवडतं पुस्तक घेऊन त्याचं श्रद्धेच्या वाटेनं जाणारं कार्टून करायचं असेल, तर त्यात काय घालावं आणि कशाला हात लावू नये?

या प्रश्नाचं मूळ इथं मुंबईतच आहे. १९१०-११च्या सुमारास गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये धुंडिराज गोविंद फाळके यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. पडद्यावर येशू चालत होता आणि फाळक्यांच्या डोळ्यांपुढे राम-कृष्ण उभे राहत होते, असं त्यांनीच पुढे लिहून ठेवलंय. पत्नीला, सरस्वतीबाईंना घेऊन ते तो चित्रपट पुन्हा पाहून आले. ३ मे १९१३ रोजी गिरगावातच, कॉरोनेशन थिएटरमध्ये, त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. तो घडला होता दादरमध्ये.

मला मात्र त्यांच्या १९१९च्या ‘कालियामर्दन’ची सुरुवात जास्त महत्त्वाची वाटते. तिथं आधी कृष्ण दिसतच नाही. दिसते फाळक्यांची मुलगी मंदाकिनी, चेहऱ्यावर एकामागून एक भाव आणणारी लहानगी पोर. मग बघता बघता त्याच चेहऱ्याचा कृष्ण होतो. ही माझी लेक आहे आणि आता हीच कृष्ण होणार आहे, हे फाळक्यांनी प्रेक्षकांना आधी सांगून टाकलं. ट्रिकसीनमध्ये त्या काळी त्यांचा हात धरणारा इथं कुणी नव्हता, तरीही भक्तीसाठी त्यांना प्रेक्षकाला फसवावंसं वाटलं नाही. ती काही मिनिटं आपल्या कार्टूनच्या धंद्यातल्या प्रत्येकानं पाहिली पाहिजेत.

आता एक परदेशातलं उदाहरण. अमेरिकेत ‘व्हेजीटेल्स’ नावाची ख्रिस्ती कार्टूनमाला आहे, तिच्यात टोमॅटो आणि काकडी मुलांना बायबल सांगतात. २००७ मध्ये त्यांनी फ्रँक बॉम यांची १९०० सालची ऑझच्या जादूगाराची गोष्ट घेतली आणि तिच्यात उधळ्या पुत्राचा दृष्टान्त बसवला. काम प्रामाणिक आहे, आपण काय करतोय हे त्यांनी लपवलेलं नाही. पण बॉमच्या पुस्तकात जादूगार हा पडद्याआड बसलेला एक साधा माणूस निघतो आणि घरी जायची शक्ती डोरोथीच्या स्वतःच्याच पायांतल्या जोड्यात असते. इथं ती शक्ती बापाच्या क्षमेत गेली. क्षमा ही मोठीच गोष्ट आहे. तरी पुस्तकाचा कणा बदलला, हे मान्य केलंच पाहिजे.

आपल्याकडचं असं पुस्तक कोणतं, हे सांगायलाच नको. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये पाच दिवसांत लिहिलेलं आणि १९३५ साली प्रसिद्ध झालेलं ‘श्यामची आई’. कादंबरी म्हणा, आठवणी म्हणा, बेचाळीस रात्रींची ती कथा आहे. आचार्य अत्र्यांनी १९५३ साली तिचा चित्रपट केला आणि राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्याला मिळालं. या पुस्तकात देव पानोपानी आहे, पण तो एकदाही प्रकट होत नाही. आई आजारी पडते, घरावर कर्ज चढतं, आई जाते. चमत्कार कुठेच होत नाही.

माझ्या हातून झालेली चूक मला इथं सांगायची आहे. २००५ साली व्ही. जी. सामंत यांचा ‘हनुमान’ आला, पाठोपाठ ‘बालगणेश’ आला आणि आम्हा मंडळींना हुरूप आला. त्या दिवसांत एका निर्मात्याकडून मला ‘श्यामची आई’च्या पहिल्या रात्रीचा पायलट करायला मिळाला. ती रात्र सावित्रीव्रताची. आईच्या अंगात ताप आहे, वडाला प्रदक्षिणा घालायला तिला जाववत नाही, म्हणून ती श्यामला सांगते, माझ्याऐवजी तू घाल. श्यामला लाज वाटते. बायकांचं व्रत, पोरं हसतील. देवाचं काम करायला लाजू नये, लाज पापाची वाटावी, असं आई त्याला समजावते आणि तो जातो. एवढीच गोष्ट.

निर्मात्याचं म्हणणं पडलं की यात देव दिसत नाही. शेवटची प्रदक्षिणा झाली की वडातून उजेड येऊ दे, उजेडात देव दिसू दे. मी मान डोलावली. खरं सांगायचं तर मला तो उजेड काढायला आवडलाही. पारंब्यांमधून सोनेरी झोत खाली उतरतात, पानं तळपतात. आठ सेकंदांच्या त्या शॉटवर आम्ही सबंध पायलटमधली सगळ्यात जास्त मेहनत घेतली.

परळच्या एका शाळेत चौथीच्या वर्गाला तो पायलट दाखवला आणि मुलांना कोरे कागद दिले, काय पाहिलंत ते काढा म्हणून. कागद गोळा करून मी घरी आणले. झाड होतं, पिवळे किरण होते, कुठे मुकुट घातलेला देव होता. श्याम बहुतेक कागदांवर नव्हताच. ज्या दोघातिघांनी काढला होता, त्यांनी तो झाडाखाली ठिपक्याएवढा काढला होता. हसणारी पोरं कुणीच काढली नव्हती. तापानं फणफणलेली आईही नव्हती. आईवरच्या मायेपोटी बायकांचं व्रत चारचौघांत करणारा मुलगा, हा त्या रात्रीचा सगळा ऐवज, आणि तोच माझ्या आठ सेकंदांच्या उजेडानं पुसून टाकला होता.

तो पायलट पुढे सरकला नाही. कागद मात्र मी जपून ठेवलेत.

कार्टूनच्या माध्यमात चमत्काराला काही मोल पडत नाही. कागदावर डोंगर उचलायला आणि पाण्याचा तांब्या उचलायला पेन्सिल सारखीच लागते. उलट तांब्याच जास्त अवघड, कारण तो मुलांच्या रोजच्या ओळखीचा असतो, वजन चुकलं तर लगेच कळतं. याच मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात डिस्नेचे क्लेअर वीक्स १९५६ साली शिकवायला आले. त्यांच्या हाताखाली आपल्या चित्रकारांनी ‘द बनियन डीअर’ हा १९५७चा लघुपट केला. तीही जातकातली, म्हणजे श्रद्धेचीच गोष्ट. गाभण हरिणीच्या जागी कळपाचा राजा स्वतः मान पुढे करतो आणि माणसांच्या राजाच्या मनात दया येते. हरणं बोलतात एवढं सोडलं तर जे घडतं ते मनात घडतं.

चूक दुसऱ्या बाजूनंही होते. व्रत आजच्या काळाला पटणार नाही, ते काढून टाकू, श्याम आईसाठी नुसतं औषध आणायला जातो असं दाखवू, असं मला काही मित्र सुचवतात. हेतू चांगला असतो. वटपौर्णिमेला दादरच्या बाजारात वडाच्या फांद्या विकायला येतात. त्या पाहून एखादी मुलगी आईला विचारतेच, की हे फक्त बायकांनीच का करायचं? तिला विचारू द्या. श्यामच्या प्रदक्षिणेत त्या प्रश्नाला जागा आहे, औषधाच्या बाटलीत नाही.

आता ‘श्यामची आई’तल्या सर्वांत कठीण जागेकडे येतो. एका वृद्ध महार स्त्रीची मोळी डोक्यावरून खाली पडते. ती उचलू लागायला कुणी पुढे येत नाही, कारण तिला शिवायचं कसं? आई श्यामला सांगते, जा, तिला मोळी उचलू लाग आणि घरी येऊन आंघोळ कर.

ही आंघोळ ठेवायची की गाळायची? आतापर्यंत ज्यांच्याशी बोललो, ते सगळे ‘गाळा’ म्हणाले. आईच्या मूर्तीला तडा जातो म्हणून भाविक, मुलांच्या हाती विष नको म्हणून पुरोगामी. मला दोघांचंही दुःख समजतं. दादरच्या या सभागृहातून चैत्यभूमी चालत जाण्याच्या अंतरावर आहे. नायगावच्या बीडीडी चाळींतली मुलं आपलं कार्टून पाहणार आहेत. श्यामच्या अंगावर पाणी पडतं तेव्हा त्यांना काय वाटेल, याचा विचार न करता मी बोलत नाहीये. तरीही माझं मत आहे की आंघोळ ठेवावी. आईनं आपल्या काळात एक पाऊल टाकलं आणि पुढचं टाकणं तिला जमलं नाही. तिच्याच मुलानं, म्हणजे साने गुरुजींनी, मे १९४७ मध्ये पंढरपूरच्या विठ्ठलाचं दार हरिजनांना उघडावं म्हणून उपोषण केलं. आंघोळ गाळली तर त्या उपोषणाचं मूळच कळणार नाही.

पण ठेवायची तर एक जोखीम पत्करावी लागेल. आजवर ती गोष्ट आपण श्यामच्या बाजूनं पाहिली. मोळी उचलून तो निघून जातो आणि आपणही त्याच्यासोबत घराकडे वळतो. कार्टूनमध्ये कॅमेरा त्या बाईपाशी थांबला पाहिजे. मोळीला दोघांचे हात लागतात ते चार सेकंद, आणि मुलगा वळल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे काही येतं ते. पुस्तकाला आता कॉपीराइट नाही, गुरुजी १९५० साली गेले, त्याला साठ वर्षं २०१० अखेर पूर्ण झाली. आपल्याला कुणी अडवणार नाही, त्यामुळे हे ठरवायची जबाबदारी सर्वस्वी आपली आहे.

मी लालबागच्या चाळीत वाढलो. शेजारच्या गणपतीच्या कारखान्यात आखणीचा दिवस आला की आम्हा पोरांना दारात बसायची मुभा असे, बोलायची नसे. सगळा रंग झालेला, दागिने चढलेले, फक्त डोळे कोरे. आखणी करणारे काका करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवायचे, श्वास धरायचे आणि एका ओढीत पापणी उतरवायचे. डोळे नेहमी शेवटी.

त्या मोळीच्या दृश्याचा स्टोरीबोर्ड मी गेल्या वर्षी स्वतःच्या खर्चानं पुन्हा हातात घेतला आहे. बाहेर प्रदर्शनाच्या टेबलावर तो ठेवलाय. श्याम झालाय, आई झालीय, मोळीची गाठसुद्धा झालीय. त्या बाईचे डोळे अजून आखलेले नाहीत. जाताना कृपा करून तो पाहा, शेजारी पेन्सिल ठेवली आहे, कुणाला सुचलं तर समासात काढून दाखवा.