स्लीपिंग बॅगवरचा बाईसाठीचा आकडा

 

आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. आज बोलायचं आहे स्लीपिंग बॅगेबद्दल, म्हणजे आत शिरून चेन लावून झोपायच्या उबदार पिशवीबद्दल. तुम्ही म्हणाल, आपल्याकडे थंडी ती केवढी? एक गोधडी घेतली की रात्र निघते. घरात निघते, खरं आहे. पण आता आपण घरातच कुठे बसतो? मुली डिसेंबरात गडावर मुक्कामाला जातात. गटातल्या बायका पैसे साठवून केदारनाथला निघतात. कोलाडला कुंडलिकेच्या काठी तंबूंचे मुक्काम झालेत, तिथे काम करणाऱ्या बायकांना पाहुण्यांची अंथरुणं बघावी लागतात. अशा वेळी दुकानदार जी दाखवेल ती बॅग घेतली, तर पैसेही जातात आणि रात्रभर दातही वाजतात. थंडीने अंग फार गार पडलं तर जिवावरही बेततं. म्हणून निवड कशी करायची ते नीट समजून घेऊ.

पहिली गोष्ट. कुठलीही गोधडी, रजई किंवा बॅग स्वतः गरम नसते. ऊब आपल्या अंगाची असते. पांघरूण ती ऊब धरून ठेवतं, आणि धरतं ते आत अडकलेल्या हवेमुळे. कोंबडी थंडीत पिसं फुगवून बसते ती याचसाठी. गोधडीत लुगड्यांचे थर असतात, त्या थरांमध्ये हवा असते. स्लीपिंग बॅगेत तेच काम पिसं किंवा पॉलिएस्टरचे मऊ तंतू करतात. म्हणून बॅग फुगलेली हवी. हातात धरून दाबा आणि सोडा. लगेच फुगून वर आली तर भरण चांगलं आहे. चपटीच राहिली तर ती जुनी किंवा हलकी आहे.

मग गोधडीच का न्यायची नाही? तिचं वजन जास्त, आणि सुती कापड ओल धरतं. घाम किंवा दव शोषलं की सूत लवकर सुकत नाही, आणि ओलं सूत अंगातली ऊब ओढून घेतं. डोंगरावर हे महागात पडतं. धनगरांच्या घोंगडीचं तसं नाही. लोकर थोडी ओली झाली तरी ऊब देते. पण पाठीवर घेऊन चढायला ती जड.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे खास आपल्यासाठी, बायकांसाठी. चांगल्या बॅगेवर तापमानाचे आकडे छापलेले असतात. हे आकडे मोजायची पद्धत आधी युरोपात ठरली, आता ती आंतरराष्ट्रीय आहे. लेबलवर आयएसओ २३५३७ असं लिहिलेलं असतं. त्यात मुख्य आकडे तीन. पहिला ‘कम्फर्ट’, दुसरा ‘लिमिट’, तिसरा ‘एक्स्ट्रीम’.

समजा एका बॅगेवर कम्फर्ट ५ अंश, लिमिट ० अंश आणि एक्स्ट्रीम उणे १५ अंश असं आहे. यातला कम्फर्ट हा आकडा साधारण बांध्याच्या बाईसाठी काढलेला असतो. म्हणजे ५ अंशापर्यंत बाई हातपाय सैल सोडून आरामात झोपू शकेल. लिमिट हा पुरुषासाठी काढलेला. ० अंशात पुरुष अंग आखडून घेईल, पण आठ तास झोपू शकेल. आणि एक्स्ट्रीम म्हणजे झोपायचा आकडा नव्हेच. त्या थंडीत बाई सहा तास कशीबशी जिवंत राहील, एवढाच त्याचा अर्थ. हातापायांची बोटं तरीही गारठून निकामी होऊ शकतात.

बाई-पुरुषाचा आकडा वेगळा का? बाईचं अंग सरासरीने लहान, स्नायू कमी, म्हणून झोपेत अंगात ऊब कमी तयार होते. हा काही नाजूकपणा नाही. पण घरातल्या पुरुषाला एखादी बॅग पुरली म्हणून ती तुम्हाला पुरेल असं धरू नका. कितीतरी बॅगांवर एकच मोठा आकडा छापतात आणि तो कुठला ते सांगत नाहीत. दुकानदाराला विचारा, “हा कम्फर्टचा आहे का?” उत्तर मिळालं नाही, तर तो पुरुषाचा आकडा आहे असं समजा आणि त्यात ५ ते ६ अंश मिळवा. ० लिहिलं असेल, तर तुमच्यासाठी ती ५-६ अंशांची बॅग.

मग आपल्याला किती अंशांची लागेल? एक साधा हिशेब सांगते. दर १००० मीटर उंची चढली की हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते. पेण समुद्राच्या जवळ, सखल. समजा पेणला पहाटे १६ अंश आहेत. कळसूबाईचं शिखर १६४६ मीटरवर आहे, म्हणजे तिथे साधारण १० अंश कमी, सहाच्या आसपास. वर वारा वेगळा. म्हणून सह्याद्रीतल्या थंडीच्या मुक्कामाला कम्फर्ट ५ अंश किंवा त्याहून खालची बॅग घ्या. केदारनाथ ३५८३ मीटरवर आहे. दारं अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला उघडतात आणि भाऊबीजेला बंद होतात. सुरुवातीला आणि शेवटी तिथली रात्र शून्याच्या आसपास, कधी खालीही जाते. तंबूत राहणार असाल तर कम्फर्ट उणे ५ अंशांची बॅग हवी. मुक्कामाला रजई मिळणार आहे का, हे निघण्याआधीच विचारून ठेवा. मिळत असेल तर हलकी बॅग पुरते.

भरण कुठलं घ्यावं? पिसांची बॅग हलकी आणि फार उबदार, पण महाग, आणि भिजली की पिसांचा गोळा होऊन ऊब जाते. पॉलिएस्टरची थोडी जड, पण ओल सोसते, लवकर सुकते, धुवायला सोपी. नदीकाठचं दव आणि आपली कोकणातली दमट हवा बघता पॉलिएस्टरचीच बरी.

आकार बघा. खांद्याशी रुंद, पायाशी निमुळती आणि डोक्याला टोपी असलेली बॅग जास्त ऊब धरते. पण दुकानात आत शिरून, चेन लावून, कुशीवर वळून बघा. लाजू नका. कमरेला ताणली गेली तर तिथलं भरण दबतं आणि तिथेच थंडी वाजते. फार ऐसपैस असली तर आतली हवा तापवण्यातच अंगाची ऊब जाते. चेनच्या आतून जाड पट्टी आहे ना, तेही बघा. नाहीतर तिथून वारा शिरतो.

आता जी गोष्ट बहुतेक विसरतात ती. खालचं अंथरूण. आपण झोपलो की अंगाखालचं भरण दबतं, हवा निघून जाते आणि जमीन ऊब ओढून घेते. महागडी बॅगही खाली काही नसेल तर फसते. म्हणून बॅगेबरोबर फोमची चटई घ्याच. पैसे कमी असतील तर बॅग थोडी स्वस्त चालेल, पण चटई सोडू नका.

हा नियम फिरायला जाणाऱ्यांपुरता नाही. आपल्या तालुक्यांतली कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर जातात. झोपडीत बाळाला घेऊन जमिनीवर झोपतात. तिथे स्लीपिंग बॅग कुठली? पण ओल अडवायला खाली प्लास्टिक, त्यावर कोरड्या पेंढ्याचा जाड थर, वर गोणपाट आणि मग गोधडी, एवढं केलं तरी रात्रीत फरक पडतो. वर दुसरी गोधडी घेण्याआधी खाली काय आहे ते बघा.

आणि एक गोष्ट कानात घट्ट धरा. तंबूत किंवा दारं-खिडक्या बंद केलेल्या खोलीत शेगडी, निखारे पेटवून कधीच झोपू नका. निखाऱ्यांतून निघणारा विषारी वायू दिसत नाही, त्याला वास नसतो, आणि झोपेतच माणूस जातो. ऊब हवी असेल तर घट्ट झाकणाच्या बाटलीत गरम पाणी भरा, मोज्यात घाला आणि पायाशी ठेवा. झोपताना कोरडे कपडे, कोरडे मोजे, कानटोपी घाला. झोपण्याआधी गूळ-शेंगदाणे खा. रात्री बाहेर जायला नको म्हणून बायका पाणीच पीत नाहीत, तसं करू नका. झोपण्याआधी जाऊन या, आणि बॅटरी उशाशी ठेवा.

घरी आल्यावर बॅग दोन दिवस सावलीत वाळवा. आवळून बांधून ठेवू नका, सैल पिशवीत टांगा. पावसाळ्यात मधून मधून बाहेर काढून हवा द्या, नाहीतर बुरशी येते.

वर्षातून एकदाच लागणारी वस्तू प्रत्येकीने घ्यायची गरज नाही. गटाने मिळून दोन-तीन बॅगा आणि चटया घ्या, वहीत नोंद ठेवा, जिला लागेल तिने थोड्या भाड्याने न्यावी आणि वाळवून परत करावी. आत घालायला जुन्या मऊ सुती साडीची खोळ शिवा. खोळ धुतली की झालं, बॅग वारंवार धुवायला नको.

तर खरेदीला जाल तेव्हा आधी कम्फर्टचा आकडा वाचा, मग आत शिरून बघा, आणि चटई घेतल्याशिवाय दुकानातून निघू नका. गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय काढा, आणि ज्या मुली या थंडीत गडावर निघाल्यात त्यांना हे आवर्जून सांगा.