उसवलेल्या गणवेशाचा धागा
(पहिल्या पिढीतल्या पदवीधरांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



कलेच्या पुस्तकांत 'आउटसायडर आर्टिस्ट' असा एक खण असतो. कलाशाळेत न गेलेले, मनोरुग्णालयात आयुष्य गेलेले लोक त्यात टाकतात. ब्राझीलच्या आर्तूर बिस्पो दो रोझारियोचं नाव तिथे हमखास सापडतं, आणि पुढे विशेषण : 'स्वशिक्षित'. मला आज या दोन शब्दांशी भांडायचंय.

बिस्पो ब्राझीलच्या ईशान्येतल्या सेर्जिपे राज्यातला, झापारातुबा गावचा. कृष्णवर्णीय. जन्म १९०९ चा की १९११ चा, यावर कागदांचं एकमत नाही, आपल्या आजोबांसारखंच. तिथली गुलामगिरी कायद्याने संपली १८८८ मध्ये. म्हणजे त्याच्या आधीच्या पिढ्यांनी ती पाहिलेली होती. तो नौदलात खलाशी झाला, मुष्टियुद्ध खेळला, मग रिओत एका वकिलाच्या घरी गडी म्हणून राहिला.

डिसेंबर १९३८ मध्ये त्याला देवदूत दिसले. जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला मी आलोय, असं तो मठात जाऊन सांगू लागला. तिथून त्याची रवानगी इस्पितळात झाली. निदान : पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया. १९३९ मध्ये तो रिओच्या कडेच्या कॉलोनिया ज्युलियानो मोरेरा या संस्थेत आला. मधली काही वर्षं सोडली तर १९८९ मध्ये मरेपर्यंत तिथेच होता.

धागा विकत कुठून आणणार? त्याने रुग्णांचे निळे गणवेश उसवले आणि तो धागा चादरींवर भरला. मग, चपला, बटणं, लाकडाचे तुकडे, जहाजांच्या प्रतिकृती अशा आठशेहून जास्त वस्तू. पृथ्वीवरच्या सगळ्याची नोंद करून देवापुढे मांड, असा आवाजांचा हुकूम होता म्हणे. तो याला कला म्हणत नव्हता. देवासमोर जाताना घालायचा एक झगा त्याने भरला. आतल्या बाजूला माणसांची नावं आहेत, बहुतेक बायकांची.

आजाराने त्याला मोठं केलं, असं मी म्हणणार नाही. तो उपास करायचा, स्वतःला कोंडून घ्यायचा. आणखी एक अवघड गोष्ट : अंगात ताकद होती, म्हणून इतर रुग्णांना आवरायला तो पहारेकऱ्यांना मदत करायचा. त्याला कामासाठी जागा मिळाली, त्यात याचाही वाटा होता. आपल्याला नायक स्वच्छ हवे असतात. हा तसा नाही.

पण 'स्वशिक्षित' कसा? त्याच्या गावच्या उत्सवांतले पोशाख भरतकामाचे असतात. जहाजं, निशाणं, दोर त्याने नौदलात हाताळले. शिकवणारे होतेच, फक्त त्यांच्याकडे प्रमाणपत्रं नव्हती. आणि 'आउटसायडर'? इतकी वर्षं ज्याला आत कोंडलं, त्याला बाहेरचा म्हणायचं?

(प्रश्न येईल म्हणून सांगते : वंश म्हणजे जात नव्हे. दोन्ही एकाच मापाने मोजू नका.)

१९९५ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात ब्राझीलतर्फे त्याचं काम मांडलं गेलं. तेव्हा तो हयात नव्हता. झगा त्याच्यासोबत पुरला नाही, संग्रहालयात आहे.

'पोरगी स्वतःच्या बळावर शिकली,' असं माझ्याबद्दल कौतुकाने बोलतात. मला बाराखडी शेजारच्या आत्याने शिकवली, चौथीपर्यंत शिकलेल्या. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मार्गदर्शकांचं नाव केव्हाच टाइप झालंय. आत्याचं काल रात्री घातलं.