कपाळावरची आठी आणि डावी पापणी

फौजेत असताना एनबीसीच्या, म्हणजे आण्विक, जैविक आणि रासायनिक युद्धाच्या वर्गात बोट्युलिनम हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं. जगातल्या सर्वांत जहाल विषांपैकी एक. मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा निरोपच ते अडवतं. निवृत्तीनंतर तेच विष, अगदी सूक्ष्म मात्रेत, मी पैसे मोजून कपाळात आणि भुवयांमध्ये टोचून घेतलं. बोटॉक्स. मुलीचं लग्न तीन आठवड्यांवर होतं आणि आठ्यांमुळे मी प्रत्येक फोटोत चिडलेला दिसायचो. घरी सांगितलं नाही. कर्नलसाहेब आणि बोटॉक्स, लोक काय म्हणतील!

सहाव्या दिवशी सकाळी चहा देताना बायको म्हणाली, "अहो, डावा डोळा असा काय झालाय?" पापणी अर्ध्यावर आली होती. तिला पक्षाघाताची शंका आली. तासाभरात आम्ही इमर्जन्सीत. डॉक्टरांनी विचारलं, "हल्लीच काही इंजेक्शन घेतलंत?" मी म्हणालो, "नाही." मनात शंका होती, तरी म्हणालो. डोक्याचा स्कॅन झाला. बाहेर ती मुलीला फोन करून रडत होती, आणि मी गप्प.

शेवटी एक तरुण डॉक्टर आली. "सर, कपाळाला आठ्या घाला बघू." एकही पडेना. ती हसली नाही, हे तिचे उपकार. औषध जरा पसरून पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत पोचलं होतं. असर ओसरला की पापणी आपोआप वर येते, सहसा काही आठवड्यांत.

डोकेदुखी, सुईच्या जागी काळंनिळं होणं हे नेहमीचं. मी रोज ॲस्पिरिन घेतो, त्याने असं काळंनिळं जास्त होतं. क्लिनिकने विचारलं नाही, मीही बोललो नाही. मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार असेल किंवा जेंटामायसिनसारखं अँटिबायोटिक चालू असेल, तर धोका वाढतो. गिळायला, बोलायला, श्वास घ्यायला त्रास झाला तर थेट इस्पितळ गाठा. हे क्वचित होतं, पण काही तासांनीच नव्हे, काही आठवड्यांनीही होऊ शकतं. अमेरिकेच्या एफडीएने 2009 मध्ये याचा ठळक इशारा औषधावर छापायला लावला. आणि तिथे पोचल्यावर पहिल्या वाक्यात बोटॉक्सचं सांगा, बायको शेजारी उभी असली तरी.

माझी पापणी पाच आठवड्यांनी सरळ झाली. लग्न त्याआधीच पार पडलं. फोटोत आठी एकही नाही, पण मी विहिणबाईंना डोळा मारतोय असं दिसतं.