अजून शिकतेसच का?

(१९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला आहे, 'नोकरी सांभाळून जोपासलेला छंद'. वेळ दहा मिनिटं. यातली नोकरी दोन वाक्यांत संपवते. इंजिनिअरिंग झाल्यापासून मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. आणि नातेवाइकांचा प्रिंटर का चालत नाही, हे मला आजही सांगता येत नाही. उरलेला वेळ रंगांचा.

येत्या जानेवारीत पुण्यात आमचं तिघांचं जलरंगचित्रांचं प्रदर्शन आहे. ही बातमी मी आपल्या ग्रुपवर टाकली तेव्हा अंगठे आणि फुलं भरपूर आली. एका मैत्रिणीने मात्र विचारलं, "अगं, पण तू दर रविवारी क्लासला जातेस ना? अजून शिकतेसच का? मग प्रदर्शन कसं?" ती आत्ता दुसऱ्या रांगेत बसली आहे, आणि तिला वाटतंय मी विसरले. तिचा प्रश्न मला फार आवडला. आजचं भाषण म्हणजे त्याचंच उत्तर आहे.

आपल्यातल्या बऱ्याच जणांनी शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिल्या. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन. तांब्या, वाटी आणि वांगं समोर मांडून सर सांगायचे, "पेन्सिल खाली ठेवा. आधी पाच मिनिटं नुसतं बघा." ती पाच मिनिटं तेव्हा संपता संपत नसत. पुढे इंजिनिअरिंगला ड्राफ्टर लावून नट-बोल्टची तीन बाजूंची चित्रं काढली. नंतर वीस वर्षं हातात ब्रश नव्हता. सहा वर्षांपूर्वी क्लास लावला. शिकवणारा मुलगा माझ्यापेक्षा सतरा वर्षांनी लहान. तो मला ताई म्हणतो आणि माझ्या चित्रातल्या चुका मात्र जराही मान न राखता दाखवतो. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "ताई, ब्रश ठेवा. आधी बघा." सर, मला हसू आलं. तुमचीच फी मी पुन्हा भरत होते!

जलरंगाचं थोडं सांगते, म्हणजे यात शिकायचं काय असतं ते कळेल. जलरंगात पांढरा रंग जवळपास वापरत नाहीत. उजेड हवा तिथे कागद कोरा सोडायचा. म्हणजे काय रंगवायचं याआधी काय रंगवायचं नाही, ते ठरवावं लागतं. ओला रंग वाळला की फिका होतो, त्यामुळे डोळ्यांना दिसतो त्याहून गडद लावायचा. आणि पाणी आपल्या मर्जीने वाळत नाही. एप्रिलमध्ये पुण्यात आकाशाचा वॉश अर्ध्यावर सुकतो, जुलैमध्ये तोच कागद पाऊण तास ओला राहतो. तीच पद्धत, तेच रंग, आणि चित्र वेगळं.

म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र आपल्यातल्या पुष्कळांनी सहलीत पाहिलं असेल. ते राजा रविवर्म्याचं आहे असं कितीतरी लोक आजही सांगतात. ते सावंतवाडीचे चित्रकार सावळाराम हळदणकर यांचं आहे. त्यांची मुलगी गीता हिला समोर उभी करून त्यांनी ते काढलं, आणि तेही जलरंगात. बोटांमधून झिरपणारा तो उजेड वरून लावलेला नाही. तो खालच्या कागदाचा आहे, पातळ रंगांतून दिसणारा. हे समजल्यावर मी ते चित्र पुन्हा पाहायला गेले, आणि या वेळी घरच्यांना मला तिथून ओढून न्यावं लागलं.

माझा सराव अगदी साधा आहे. सकाळी साडेपाच ते सात, आणि महिन्यातून दोन शनिवार आपल्या वाईला. आईकडे मुक्काम आणि पहाटे मेणवलीचा घाट. गेल्या तीन वर्षांत त्या घाटाच्या पायऱ्या मी एकतीस वेळा रंगवल्या आहेत. आई म्हणते, "त्या पायऱ्या अजून तिथेच आहेत का, एवढंच बघून येतेस का?"

लहानपणी आपण त्या दगडाला काळा म्हणायचो. रंगवायला बसलं की कळतं, तो काळा नाहीच. ट्यूबमधला काळा रंग लावला तर दगड मेल्यासारखा दिसतो. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सायना हा भाजलेल्या मातीचा तांबूस रंग, हे दोन मिसळले की एक जिवंत करडा तयार होतो. सावलीत निळा जास्त, उन्हात तांबूस जास्त. शिवाय अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात, त्यामुळे दगडाचा खरखरीतपणा आपोआप येतो. सकाळच्या सावल्या अर्ध्यापाऊण तासात हलतात, म्हणून बसल्याबरोबर वहीत तीन छटांचं छोटं टिपण करायचं आणि त्या टिपणाशी इमान राखायचं. प्रत्येक चित्रामागे मी तारीख, हवा, कागद आणि रंग लिहून ठेवते. ही सवय मात्र नोकरीने लावली.

आता प्रदर्शनाकडे येते. "जहांगीरला कधी?" असं विचारणारे इथे निदान चार जण आहेत. मुंबईची जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ सालची, आणि तिथली तारीख मिळायला लोक वर्षानुवर्षं थांबतात. आमचं कलादालन लहान आहे. माझ्या वाट्याला दोन भिंती. मला वाटलं होतं की आता शिकणं झालं, फक्त चित्रं टांगायची. प्रत्यक्षात गेल्या दहा महिन्यांत जेवढं शिकले तेवढं आधीच्या पाच वर्षांत शिकले नव्हते. कारण घरात ठेवलेलं चित्र कोणाला काही देणं लागत नाही. भिंतीवर लावलं, खाली किंमत लिहिली, की ते तीन जणांना उत्तर देणं लागतं.

पहिला, विकत घेणारा. तो चित्र दिवाणखान्यात लावणार, समोर खिडकी असणार. दहा वर्षांनी रंग तोच राहील का? मी माझ्या पॅलेटमधल्या प्रत्येक रंगाची पट्टी कागदावर ओढली, अर्धी पट्टी जाड काळ्या कागदाने झाकली आणि मार्च ते मे दक्षिणेच्या खिडकीत चिकटवून ठेवली. ऑफिसात याला टेस्टिंग म्हणतात आणि त्याचे पैसे मिळतात. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सायना जसेच्या तसे राहिले. ऑपेरा नावाचा एक भडक गुलाबी रंग असतो, तो उघड्या बाजूला चांगलाच उडाला.

आणि इथेच पेच आला. आपल्या शाळेच्या फाटकापाशी असलेल्या गुलमोहराचं माझं चित्र ग्रुपवर सगळ्यांना आवडलं होतं. दोघांनी तर "हे माझं" म्हणून आधीच सांगून ठेवलं आहे. ते क्लासच्या पहिल्या वर्षातलं सरावाचं चित्र आहे, आणि त्या फुलांची सगळी झळाळी ऑपेराची आहे. ते मी प्रदर्शनात लावणार नाही. तुम्ही म्हणाल, आम्हाला चालेल. पण उडणाऱ्या रंगाचे पैसे मी घ्यायचे कसे? त्याचा फोटो स्मरणिकेसाठी दिला आहे. छापलेला गुलमोहर सगळ्यांनी घरी न्या, फुकट.

दुसरे, माझे सोबती. प्रदर्शनातले इतर दोघं पूर्णवेळ चित्रकार आहेत. त्यांचं घर चित्रांवर चालतं. माझ्या खात्यात दर महिन्याला पगार जमा होतो. मला वाटलं असतं तर मी फ्रेमचा खर्च निघेल एवढीच किंमत लावली असती, किंवा तुम्हा सगळ्यांना भेट म्हणून वाटून टाकली असती. पण माझ्या भिंतीवर तेवढ्याच आकाराचं चित्र पाव किमतीत असेल, तर शेजारच्या भिंतीवरच्या माणसाने गिऱ्हाइकाला काय सांगायचं? माझी हौस त्याच्या पोटावर का यावी? म्हणून आम्ही तिघांनी बसून आकाराप्रमाणे किंमती ठरवल्या. मित्रांनो, तुम्हाला त्या जास्त वाटतील. सवलत मागू नका. चहा मागा, तो मिळेल.

तिसरा, तो घाट. माझ्याकडे दोनशेच्या वर चित्रं जमली आहेत. त्यांतून वीस निवडायची होती. मी सगळी जमिनीवर मांडली आणि क्लासच्या सरांना, म्हणजे त्या मुलाला, बोलावलं. त्याने एकही शब्द न बोलता काही चित्रं उलटी करायला सुरुवात केली. सूर्यास्त गेले, होड्या गेल्या, तुळशीवृंदावनं गेली. लोकांना आवडतात म्हणून काढलेली सगळी गेली. उरली तेरा, आणि ती सगळी दगडाची आणि पाण्याची. मी म्हटलं, "अरे, सात जागा रिकाम्या राहतील." तो म्हणाला, "राहू दे की. कागद कोरा सोडायला शिकलात ना?"

ते ऐकून मी दोन दिवस कोणाशी नीट बोलले नाही. मग त्याचं पटलं. भिंत भरायची म्हणून काही आणायचं नाही, हे ठरलं. आता पुढचे तीन महिने घाटावर जायचं आहे. चांगली चित्रं झाली तर तेरा वाढतील, नाहीतर तेराच लागतील.

तर मैत्रिणी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं, की हो, अजून शिकतेच. आधी शिकून घ्यायचं आणि मग दाखवायचं असा क्रम मला कुठे सापडला नाही. दाखवायचं ठरवल्यावर कशाकशाचा जाब द्यावा लागेल ते कळतं, आणि तो जाब देता यावा म्हणून पुन्हा शिकावं लागतं. 'छंद' हा शब्द गोड आहे, माझा त्याच्याशी वैर नाही. पण छंदाला कोणी जाब विचारत नाही. मला तो कोणीतरी विचारावा, असं या वयात पहिल्यांदा वाटतंय. आपल्यातल्या ज्यांनी गाणं, लेखन, शेती, काहीही पन्नाशीच्या उंबरठ्यावर नव्याने धरलं आहे, त्यांनाही माझं एवढंच सांगणं आहे की एकदा ते परक्या माणसासमोर ठेवा. घरच्यांचं कौतुक उबदार असतं, पण त्यात आपण वाढत नाही.

शेवटी दोन निमंत्रणं. तुम्हा सगळ्यांना उद्घाटनाचं. या, मुलांना आणा, आणि चित्रासमोर 'छान' म्हणण्याआधी पाच मिनिटं नुसतं बघा.

आणि सर, तुम्हाला उद्घाटनाचं नाही. तुम्ही आदल्या दिवशी संध्याकाळी या. चित्रं भिंतीला टेकवून ठेवलेली असतील, खिळे ठोकायचे बाकी असतील. तुम्ही उलटं कराल ते चित्र लागणार नाही.